तांडेल, करावे

सीवूड्समध्ये पुस्तकांचं दुकान टाकणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात: झेरॉक्स कुठं मिळेल, आणि दुकान चालतं का. शुभदाबाई गायकवाड दोन्हींना एकच उत्तर द्यायच्या. "पुढच्या गल्लीत."

बाई मूळच्या परभणीकडच्या. तुर्भ्याच्या एका छापखान्यात हिशेब लिहायच्या. छापखाना बंद पडला तेव्हा हाती आलेल्या पैशांची कोणाही शहाण्या माणसाने एफडी केली असती. बाईंनी भाड्याने गाळा घेऊन पुस्तकं भरली. दुकानाला मुलीचं नाव दिलं, 'मैत्री'. परिणाम असा की पहिलं वर्षभर कॉलेजची पोरं फ्रेंडशिप बँड मागायला येत होती.

दुकान तगलं ते खाकी कागदामुळे. एका बँकेचे मॅनेजर होते, टाय लावणारे, चेहऱ्यावर कायम मार्चअखेर. ते भुताखेतांच्या कादंबऱ्या घ्यायचे आणि फायलीत लपवून न्यायचे. बाईंना दया आली. त्यांनी शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घालून दिलं. मग रांगच लागली. कविता वाचणारा इंजिनिअरिंगचा मुलगा, मधुमेहाचं पुस्तक नेणारा मिठाईवाला, सुनेला न सांगता इंग्रजी शिकणाऱ्या एक आजीबाई. कोणी काय नेलं हे बाईंच्या तोंडून कधी निघायचं नाही. डॉक्टर एक वेळ बायकोला सांगेल, बाई स्वतःच्या मुलीलाही सांगायच्या नाहीत.

मागवलेली पुस्तकंही अशीच झाकून मागच्या फळीवर ठेवायची पद्धत होती. वर चिठ्ठी, त्यावर फक्त आडनाव आणि गाव. पूर्ण नाव लिहिलं तर येणारा-जाणारा वाचेल ना! हुशारी खरी, पण ती परभणीची हुशारी होती. सीवूड्सला लागून असलेल्या करावे गावात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो तांडेलांच्या अंगणात पडतो आणि उसळलाच तर शेजारच्या तांडेलांच्या, हे बाईंच्या गावी नव्हतं.

ते ध्यानात आलं गोटीराम तांडेल दुपारी दुकानात येऊन बसले त्या दिवशी.

गोटीराम म्हणजे गाळ्याचे मालक. शेती, मिठागर सगळं शहराखाली गेलं, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर ही इमारत उभी राहिली. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, दारात दोन गाड्या असून फिरणं मात्र जुन्या स्कूटरवर. महिनाअखेरीस ॲग्रीमेंट संपत होतं. त्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी आणले होते. ते काउंटरवर ठेवले आणि वर हात ठेवला.

"माजी सून येते तुज्याकडं."

"येतात की."

"काय नेते?"

"पुस्तकं."

गोटीराम हसले नाहीत. बाहेर बसणाऱ्या भाजीवालीने त्यांना सांगितलं होतं की सोनलने कसलंसं जाडजूड पुस्तक मागवलंय, कायद्याचं दिसतं. कायद्याचं पुस्तक सून कशाला मागवते? वेगळं व्हायला. कोर्टात जायला. गोटीरामांचा हिशेब तिथवर जाऊन पोचला होता आणि रात्रभर त्यांना झोप नव्हती.

पुस्तक कायद्याचं होतंही आणि नव्हतंही. ते तलाठी भरतीच्या परीक्षेचं होतं. सोनल पदवीधर, परीक्षा महिन्यावर आलेली. पण लग्नाच्या बोलणीतच गोटीरामांनी सांगून ठेवलं होतं, तांडेलांची सून नोकरी करत नाही. नवरा तेजस बायकोपुढेही मान डोलवायचा आणि बापापुढेही. सासऱ्याला कळलं तर पुस्तक चुलीत नाही, कारण चूल उरली नव्हती. पण कपाटात नक्की गेलं असतं, आणि किल्ली सासऱ्याच्या करगोट्याला. दुपारी सगळे झोपले की मी वाचते, असं सोनल बाईंना म्हणाली होती, अगदी हळू आवाजात, जणू चोरीच करत होती.

"घर फोडायचा बेत हाय का, येवढाच मना सांग," गोटीराम म्हणाले.

बाईंच्या जिभेवर आलं होतं, नाही हो काका, तसलं काही नाही. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग काय' हाच असतो. एक वीट काढली की भिंत हलते. त्यांनी बिलबुक पुढे ओढलं.

तेवढ्यात गोटीरामांची नजर मागच्या फळीवर गेली. ते उठले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. तांडेल, करावे.

"नाव माजा, गाव माजा, गाला बी माजा. मंग हा पुडा कोनाचा?"

 बाईंनी चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिली होती. हात पुढे करून उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार की हा तांडेल नव्हे, दुसरा? दुसरा म्हटलं की सोनलचं नाव आलंच.

बाईंनी एक चाल केली. फळीवर त्याच चिठ्ठीचे एकूण तीन पुडे होते. तिन्ही काढून त्यांनी काउंटरवर ओळीने मांडले. सारखेच जाडजूड, एकाच कागदातले.

"काका, तिन्ही तांडेलांचे आहेत. एक तुमच्या घरचा असेल, दोन तुमच्या भावकीतले. ते लोकांनी झाकायला सांगितलेत. उघडायचे तर तुम्ही उघडा, मी हात लावणार नाही."

बाईंचा अंदाज असा की भावकीचं नाव काढलं की माणूस मागे सरेल. दुसऱ्याच्या घरात डोकावणं कोणाला बरं वाटतं? अंदाज चुकला. गोटीरामांनी मधला पुडा उचलला आणि नखाने कागद टर्रकन फाडला.

 तो सोनलचा नव्हता. तो मानसिंग तांडेलांचा होता, गोटीरामांच्या चुलतभावाचा. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून दोघांचं बोलणं कधीचं बंद होतं. लग्नाकार्यात पंगतीही वेगळ्या. मानसिंगने आठवड्यापूर्वी दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्याच पुस्तक सांगितलं होतं आणि मग बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला होता.

गोटीरामांनी शीर्षक वाचलं. पुन्हा वाचलं, या वेळी बोट ठेवून. कर्करोग झालेल्या माणसाच्या घरच्यांनी काय करावं, असं काहीतरी लिहिलेलं होतं.

 त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. उरलेल्या दोन पुड्यांकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"हे कोनाचा?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"सोनलचा नको सांगू. तिचं काय ते मी बगीन. हे कोनाच्या घरात हाय, येवढा सांग." त्यांनी ॲग्रीमेंटच्या कागदांची पिशवी पुढे सरकवली. "तीन वर्षांचा करून देतो. आत्ता. इथंच सही करतो."

आता मात्र बाईंची खरी पंचाईत झाली. धमकीला नाही म्हणणं सोपं असतं, माणूस ताठ होतो. इथं समोरचा माणूस घाबरलेला होता. सांगितलं असतं तर कदाचित भलंच झालं असतं: भाऊ भावाकडे गेला असता, गाळा वाचला असता, पुण्यही पदरात पडलं असतं. पण मानसिंग पायरीवर उभा राहून झाकून द्या म्हणाला होता, ते याच माणसांपासून. आणि त्याचं अर्धं गुपित बाईंनी स्वतःच्या शहाणपणाने आत्ताच उघडं पाडलं होतं. उरलेलं अर्धं तरी राखायला हवं होतं.

"नाही सांगता येणार, काका."

"गाला खाली करायला लागंल."

"करीन."

 बाईंनी गुंडाळीतून नवा खाकी कागद फाडला, कात्री घेतली आणि पुस्तकाला नवीन कव्हर घालायला लागल्या. घडी नीट पडेना. गोटीराम बघत राहिले. शेवटी पिशवी उचलून म्हणाले, आमच्यात घरं तरी किती हायत, एकेकाकडं चहा पिऊन येतो. आणि सही न करताच गेले.

त्या संध्याकाळपासून बाईंनी चिठ्ठ्या बदलल्या. आडनाव गेलं, आकडे आले. मनात खोक्यांचा हिशेब सुरू झाला: इतकी पुस्तकं भरायला टेम्पो लागेल, आणि टेम्पो जाणार कुठं? खारघरला भाडं परवडेना, तुर्भ्याला गिऱ्हाईक मिळेना. सोनलला त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं की पुस्तक जागेवर आहे, वेळ मिळेल तेव्हा न्या. फोनवर पलीकडे भांड्यांचा आवाज होता आणि सोनल नुसतं "हं" म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी मानसिंग पुस्तक न्यायला आला. बाईंनी आधी सांगून टाकलं की पुडा आपल्या चुकीने फाटला होता आणि कोणीतरी शीर्षक वाचलं. नाव मात्र कळलेलं नाही. मानसिंगचा चेहरा आधी कठीण झाला. मग तो म्हणाला, गावात चमत्कारच चालू आहे. गोटीराम घरोघर चहा पीत फिरतोय. काल मानसिंगकडेही आला, सुके बोंबील घेऊन. विचारलं काही नाही. मानसिंगची बायको आत झोपली होती, तिचा खोकला ऐकत बसून राहिला. जाताना म्हणाला, गाडी लागली तर सांग, ड्रायव्हर बसूनच असतो.

बाईंनी चेहरा खाकी कागदासारखा ठेवला.

महिनाअखेरीला गोटीराम आले. खुर्चीत बसले आणि कागद काढले. अकरा महिने लिहिलेलं होतं.

"तीन वर्षं बोललेलो ते इसरून जा. तू सांगितला नाय."

"बरं."

"सगल्या गावाचा तुज्याकडं झाकून ठेवलेला हाय. तुला बाहेर काढला तं ते सगला घेऊन दुसऱ्याच्या गाल्यात जाशील. त्यापेक्षा माज्या गाल्यात रा, माज्या नजरेसमोर."

ते सही करत असतानाच दारात सोनल आली. सासरा दिसला आणि तिचा पाय उंबऱ्यावरच थांबला.  बाई उठल्या, फळीवरचा पुडा काढला आणि गोटीरामांच्या डोक्यावरून सोनलच्या हातात दिला. जाडजूड, खाकी.

गोटीरामांनी पुड्याकडे पाहिलं. सगळ्या बाजूंनी पाहिलं, जणू कागदातून अक्षरं उमटणार होती. सोनलने तो छातीशी धरला होता, दोन्ही हातांनी.

"जड हाय का?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मंग चालत कशाला जातेस? स्कूटरवर बस."

सोनल मागे बसली, पुडा दोघांच्या मध्ये धरून. गोटीरामांनी किक मारली. वळणापर्यंत त्यांनी एकदाही विचारलं नाही, पण गाडी मात्र इतकी हळू चालवली की मागून येणारा रिक्षावाला शिव्या देत पुढे गेला.