कप्तानांचा कोट

संग्रहालयात जुने कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे सुईताई म्हणत. आवाज बारीक, पण एकदा नाही म्हटलं की नाहीच. शिपायाने लाख विनवण्या केल्या, तरी त्यांच्या खोलीत चहाचा कप कधी आत आला नाही.

हे काम त्यांना मावशीकडून मिळालं होतं; आधी इथले कपडे तीच दुरुस्त करायची. आई गेल्यावर मावशीनेच त्यांना वाढवलं, आणि लहानपणी त्या अंधाराला भ्यायल्या की ती एकच गोष्ट सांगायची, शहराच्या आगबंबावरच्या कप्तानाची. पुरुषाच्या नावाने नोकरीला लागलेली, जळत्या गिरणीतून माणसं खांद्यावर टाकून आणणारी, आणि मेल्यावर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा बाई असल्याचं कळलेली. "आपली कप्तानीण," मावशी म्हणायची. न भिण्याचे धडे सुईताईंनी तिच्याकडूनच घेतले होते.

यंदा संग्रहालयातलं आगबंबाचं दालन नव्याने मांडायचं ठरलं आणि तिथला कप्तानांचा कोट दुरुस्तीला आला. अस्तर उसवताच सुईताईंचा हात थांबला. पुरुषांच्या कोटाला काजं डावीकडे असतात. इथे डावीकडची काजं रफू करून बुजवलेली होती आणि उजवीकडे नवी पाडलेली. छातीला टक्स, म्हणजे शिवलेल्या चिमट्या, घालून कोट बाईच्या पुतळ्यावर नीट बसेलसा केला होता. रफूचा टाका कोणाचा हे ओळखायला त्यांना भिंग लागलं नाही.

घरी मावशी शेंगा सोलत बसली होती.

"मावशी, कप्तानांचा कोट तू बदललास?"

"बदलला. मग? त्या संग्रहालयात जिकडे बघावं तिकडे मिशाच मिशा. एक तरी कपाट बाईचं हवं होतं मला."

"पण त्यांनी तो असा घातला नव्हता."

"अगं, नोकरीसाठी सोंग घेतलं होतं बिचारीने. बाईला कोण चढू देत होतं बंबावर?"

"हा नोकरीतला कोट नाही. निवृत्त झाल्यावर हौसेने शिवून घेतलेला. पेन्शन सुरू झालं होतं, तेव्हा कोणाची भीती होती? तरी नाव तेच, कोट तसाच. सोंग असतं तर उतरवलं असतं की."

मावशीचे हात थांबले. "म्हणजे माझं काम तू उसवणार."

"उसवणार."

"आणि माझ्या मांडीवर बसून ऐकलीस ती गोष्ट? तीही उसवणार?"

त्या गोष्टीबरोबर आपलंही काही जाणार, हे कोट पाहिल्यापासून सुईताईंना टोचत होतं. "धीट माणसाची गोष्ट आहे ती," त्या म्हणाल्या. "तेवढी राहते."

मावशीने शेंगांची परात पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या साहेबांनी कोटाच्या पाटीचा मजकूर दाखवला. वर 'शहराची पहिली महिला कप्तान', खाली ठळक अक्षरांत जन्माचं, मुलीचं नाव.

"साहेब, या नावाने कोणी हाक मारली असती तर कप्तानांनी मान वळवून पाहिलं नसतं."

"डॉक्टरांचा दाखला आहे, सुईताई. मग खोटं लिहायचं?"

"खोटं कशाला? दाखल्याचंही लिहू. पण ज्या नावाने जगले ते नाव वर, आणि लिहिताना 'ती' नाही, 'ते'. त्यांच्या मनात काय होतं ते कोणाला सांगून गेले नाहीत. तेही लिहू."

"लोक बाईची गोष्ट बघायला येतात हो."

"मग बाईच्या पुतळ्यावर दुसरं काही चढवा. टक्स काढल्यावर हा कोट तिथे बसायचा नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्हीच लिहा. पण लांबण लावू नका."

टक्स निघाले, डावीकडची काजं मोकळी झाली. उजवीकडची मात्र कापड कापून पाडलेली होती, ती नाहीशी होणार नव्हती. सुईताईंनी ती मिटवली, पण टाका मुद्दाम दिसता ठेवला आणि पाटीवर शेवटची ओळ लिहिली: 'हा कोट मधल्या काळात बाईचा म्हणून बदलला गेला होता.' कोणी बदलला, ते लिहिलं नाही.

दालन उघडल्यावर मावशी काठी टेकत आली. काचेला नाक लावून पाटी वाचली, मग कोट पाहिला.

"टाका मोठा पडलाय इथे."

"दिसावा म्हणून."

"हं. माझ्या तोंडी कप्तानीणच येणार. आता या वयात जीभ वळायची नाही."

सुईताईंनी काचेवरचा तिच्या नाकाचा डाग पदराने पुसला.

"पण राहू दे असाच," मावशी म्हणाली. "कोट त्यांचा आहे."