बार्बेक्यू पिटवर शेकलेला डफ

शनिवारी संध्याकाळी, इथे परदेशात, नोव्हेना भागातल्या एका कॉन्डोत, म्हणजे बंगलेवजा सोयींच्या सोसायटीत, स्विमिंग पूलच्या कडेला, बार्बेक्यू पिटवर मी डफ शेकत उभी होते. हो, डफच… चिकन नाही.

डफ फादमाचा. फादमा माझ्या लॅबमधली पोस्टडॉक संशोधक, मोरोक्कोच्या दक्षिणेकडच्या डोंगरातली, अमाझिग. बाहेरच्यांनी या लोकांना 'बर्बर' म्हटलं. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, म्हणजे स्वतंत्र माणसं. दुसऱ्याने चिकटवलेलं नाव फेकून स्वतःचं नाव घेणं म्हणजे काय असतं, हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही. आमची मैत्री तिथेच जमली.

त्या संध्याकाळी तिने कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये आम्हा विसेक जणांना एक छोटी फिल्म दाखवायला बोलावलं होतं. तिच्या मामाने कधीकाळी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेलं गावातलं लग्न, तिने सुट्ट्यांमध्ये बसून जोडलेलं. त्यात त्यांचा अहवाश आहे… सगळं गाव खांद्याला खांदा लावून उभं राहतं, एक रांग ओळ गाते, समोरची रांग उत्तर देते, आणि मधे डफ. तिची आजी त्या रांगेत आहे. आजी आता नाही.

आणि नेमका तिथेच टेपचा आवाज गेलाय. आजीचे ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही. म्हणून तेवढ्या भागात फादमा स्वतः वाजवणार होती, गाणार होती… आजीच्याच डफावर.

तो डफ इथल्या दमट हवेत पार सैल पडला होता. थाप मारली की पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. फादमाने हेअर ड्रायर चालवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. आग हवी, म्हणाली. जेवणासाठी पिट पेटवलेलाच होता. तिला प्रोजेक्टर लावायचा होता, म्हणून डफ माझ्या हातात कोंबून, "फिरवत राहा" एवढं सांगून ती पळाली.

माझे हात थबकले…

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी माझी भाषणं ऐकली आहेत. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि गावची हलगी सोडली, हे मी दर जयंतीला गर्जून सांगते. हुकूम आला की गळ्यात हलगी अडकवून कोणाच्याही दारात धावायचं, ती कला नव्हती, वेठ होती. गावाने बहिष्कार टाकला, आजोबा हलले नाहीत. त्या एका 'नाही'वर मी शिकले आणि इथवर आले. त्यानंतर आमच्या घरात कातड्याचं वाद्य आलं नाही. हलगी वाजवण्याआधी शेकतात, हेसुद्धा मी पुस्तकात वाचलेलं.

शेजारच्या पिटवर चिकन विंग्स भाजणारे एक चिनी अंकल बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी अगदी गंभीर चेहऱ्याने, इथल्या खास इंग्रजीत म्हणाले, "दॅट वन कॅनॉट ईट, लाह."

मी हसले खरी, पण कडेच्या कातड्याला जळका वास यायला लागला होता. हा डफ फुटला तर दुसरा नाही, आणि आजीला आवाजही नाही. घाबरून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा रिटायर्ड गणिताचे मास्तर, तत्त्वाला आजोबांहून कडक. फोन समोर टेकवून ठेवला, सगळं सांगितलं. ते स्क्रीनच्या आणखी जवळ आले. मला वाटलं, चिडले…

"ज्वाळेवर काय धरलंयस? निखाऱ्यावर धर, लांबनं. आणि कडेकडेनं फिरव."

मग म्हणाले, टिचकी मारून ऐकव. मी मारली. अजून शेक, म्हणाले. पुन्हा टिचकी, पुन्हा अजून. चौथ्या-पाचव्या वेळी टणक, खणखणीत आवाज आला आणि फोनमधून शब्द आला, "हां. काढ."

तुम्हाला कसं माहीत, मी विचारलं. तर म्हणे आजोबा वाजवायचे तेव्हा काटक्या-पाचट गोळा करून जाळ करायचं काम यांचं असायचं, पाच-सहा वर्षांचे असतील. इतक्या वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

मग मनात होतं ते विचारूनच टाकलं. मी हे हातात धरलं, आजोबांना चाललं असतं का?

"ती काय कोणाच्या हुकमावरनं वाजवणारे?"

मी म्हटलं, नाही. तिच्या आजीसाठी.

"मग झालं तर. आबांनी हुकूम सोडला, पोरी. कातड्याशी काय भांडण होतं त्यांचं?"

फोन ठेवू नकोस, एवढंच पुढे म्हणाले.

फिल्म सुरू झाली. आवाज गेला त्या ठिकाणी फादमा उठून पडद्याच्या बाजूला उभी राहिली. पहिल्या ओळीला आजीचे ओठ पुढे आणि फादमाचा गळा मागे. दुसऱ्या ओळीला तिने आजीला गाठलं… आणि मग पडद्यावर कोण गातंय आणि खोलीत कोण, ते मला कळेनासं झालं. सुरुवातीच्या ओळीचा अर्थ मी नंतर विचारला. अर्थ काहीच नाही, म्हणाली, ती अक्षरं फक्त चाल धरून ठेवायला असतात. आपल्या 'जी जी रं जी'सारखी. जन्मभर शब्दांवर जगलेल्या मला याचं फार नवल वाटलं.

फोन शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता. सगळं संपल्यावर उचलला आणि विचारलं, कसं वाटलं बाबा?

"मधे जरा उतरला होता. एसीमुळं असेल. अजून एकदा शेकायला पाहिजे होता."

फादमाला सांगितलं तर ती चमकली. तिलाही वाजवताना तेच जाणवलं होतं. खोलीतल्या बाकी कोणालाच कळलं नव्हतं.

आजोबा बरोबरच होते, आणि पुढच्या जयंतीलाही मी तितक्याच जोरात सांगणार. फक्त आता भाषणात एक वाक्य वाढेल… आमच्या घरातून हलगी गेली, कान गेला नव्हता. मला हे कळलं ते फादमाच्या आजीमुळे. तिचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. सोमवारी लॅबमध्ये गेल्यावर आधी तेच विचारणार आहे.