सुलीच्या कटलेटचा चुरा

कटलेट थापून तयार होते आणि वर लावायला पावाचा चुराच नव्हता. लढाईचे दिवस. मैदा रेशनवर गेला आणि आमच्या बेकरीवाल्यानं हात वर केले. मी साताऱ्यातल्या एका इस्पितळात भटारखान्याचा मुख्य स्वयंपाकी. डाएट स्लिप, म्हणजे कुठल्या खाटेला काय द्यायचं ती डॉक्टरांची चिठ्ठी, आली की बारा वाजता ताट वॉर्डात पोचलंच पाहिजे.

ही स्लिप अकरा नंबरच्या खाटेची होती. सुली, पाच वर्षांची, माणदेशातली. बाप पलटणीत, लढाईवर. आई हौसाबाई खाटेशेजारी बसून असायची. पोरीच्या हातापायांच्या काड्या आणि पोट टम्म. दिवसातून आठ-दहा वेळा जुलाब. दोन महिने लाइट डाएटवर, म्हणजे दूध-पावावर होती, तरी वाळतच चाललेली. तोंडाला चव यावी म्हणून डॉक्टरसाहेबांनी बटाट्याचे कटलेट लिहिले होते.

चुऱ्याशिवाय कटलेट तव्यावर फुटतं. मी माझ्या डब्यातली ज्वारीची भाकरी काढली, मंद आचेवर कडकडीत केली, खलबत्त्यात कुटली, चाळून लावली. पोरीनं दोन खाल्ले आणि म्हणाली, "मामा, आणिक हाय?"

पुढं तीन आठवडे पाव आलाच नाही. लाइट डाएटला मी मऊ दूधभात लावला आणि सुलीला रोज तेच कटलेट. जुलाब थांबले. पोट उतरलं. एक दिवस तर ती आपल्या पायांनी भटारखान्याच्या दारात आली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग मैदा आला, पाव आला, स्लिपवर पुन्हा दूध-पाव आलं. आठवड्यात पोट परत फुगलं. मी तडक साहेबांकडं गेलो.

"साहेब, पोरीला पाव बाधतोय."

"पाव? अहो, पावाइतकं हलकं दुसरं काय आहे? आजाऱ्याला काय भाकरी द्यायची?"

"भाकरीच्या चुऱ्यावरच सुधारली होती, साहेब."

"डॉक्टर तुम्ही का मी?"

साहेब वाईट नव्हते. तेव्हा सगळेच तसं मानायचे. भाकरी जड, पाव हलका. आजाऱ्याला बघायला जायचं तर पाव-बिस्किटं घेऊन. धडधाकट गड्याच्या हातात पाव दिसला तर लोक विचारायचे, "का रं, घरात कोन आजारी हाय?"

मी गपचूप सुलीच्या ताटातला पाव काढायचो आणि भात घालायचो. चुरा भाकरीचाच ठेवला. पोरगी परत सावरली. महिन्याभरानं साहेबांनी तिला घरी सोडलं.

जायच्या दिवशी हौसाबाईला चुलीपाशी बसवून सगळं दाखवलं. भाकरी शिळी घे, आच मंद ठेव, चांगली वाळू दे, मग कूट.

"येवडंच न्हवं, मामा?"

पाव अजिबात देऊ नकोस, हे जिभेवर आलं होतं. पण साहेब दारातच उभे होते. मी म्हणालो, "एवढंच." नोकरीची भीती, दुसरं काय!

दिवाळीनंतर हौसाबाई एकटीच आली. उंबऱ्याबाहेरच बसली.

"सुली गेली, मामा."

मी झारा ठेवून तिच्यापाशी जाऊन बसलो.

"तुमी सांगितल्यावानीच चुरा करीत हुते. पर इस्पितळातनं आली म्हनून समदा गाव बघाया आला. जो तो पावच घिऊन. हलका म्हनून दुधात कुस्करून भरवला. जुलाब लागले, तशी भाकरी बंद केली. निस्त्या पावावर ठिवली वो तिला."

माझी चूक मी तिला तिथंच सांगितली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एसटीच्या... नाही, तेव्हा एसटी कुठली, चालतच निघून गेली.

बऱ्याच वर्षांनी एका नव्या डॉक्टरांनी मला समजावलं की गव्हात एक चिकट अंश असतो, ग्लुटेन म्हणतात, काही पोरांची आतडी तो सोसत नाहीत. ज्वारीत तो नसतो. आज बाया माझ्याकडं असा चुरा शिकायला येतात. मी आधी काय द्यायचं नाही ते सांगतो, मग खलबत्ता काढतो. दारात कुणीही उभं असलं तरी.