राजाचा खुराक

तमाम नाट्यरसिकांना कळवण्यास अत्यंत दुःख होते, की ऐन यात्रेच्या तोंडावर आमच्या गावच्या नाटकातील राजाचा आवाज सोमवारी सकाळी, पिठाच्या गिरणीसमोर, अल्पशा आजाराने वारला.

राजा मीच. गिरणीही माझीच.

दिवसभर गिरणीच्या घरघरीवर ओरडायचं आणि संध्याकाळी तालमीत आरोळ्या ठोकायच्या, असा माझा दिनक्रम. शिवाय दिग्दर्शक मी, पडदे रंगवणारा मी, सेनापतीच्या मिशा चिकटवणाराही मीच. त्या सकाळी गिऱ्हाइकाला ‘बारीक की जाड?’ विचारायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी घशात उजेड टाकून पाहिलं. म्हणाले, "यात्रेपर्यंत एक शब्द नाही. गिरणी नाही, तालीम नाही. पूर्ण विश्रांती. नाहीतर यंदा राजा दुसरा शोधा."

दुसरा तयारच होता. आमचे प्रॉम्प्टर, गावातले सलूनवाले. वर्षानुवर्षं विंगेत बसून त्यांना माझी भूमिका माझ्याहून चोख पाठ. माझ्या जागी तालमीला तेच उभे राहू लागले. रोज सकाळी समाचाराला यायचे. "आला का आवाज?" मी नकारार्थी मान हलवली की "अरेरे!" म्हणायचे आणि शीळ घालत परत जायचे.

गिरणी बायकोनं हातात घेतली. माझ्या विश्रांतीचा ताबा मात्र थोरल्या बंधूंनी घेतला. बंधू शर्यतीचे बैल पाळतात. विश्रांती या विषयातला त्यांच्याएवढा जाणकार अख्ख्या कृष्णाकाठी नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

"सोमवारी, महादेवाच्या वारी, बैल कुणी जुपतंय का रं?" त्यांनी विचारलं. "न्हाई. म्हणून त्यो वरीसभर पळतोय. तू कवा सोमवार पाळलास? आता गुमान माझ्या हवाली हो."

नकार द्यायला आवाज लागतो. तोच नव्हता.

माझी खाट गोठ्यात, दोन बैलांच्या मधोमध पडली. मोबाईल काढून घेतला. "बैलाला मोबाईल असतोय व्हय?" सकाळी दुधात फोडलेली अंडी, दुपारी तेलाचं मालिश, ऊन उतरलं की नदीत पोहणी. डावीकडं एक बैल, उजवीकडं एक बैल, मधे मी. काठावर शर्यतीचे शौकीन जमायचे. एकानं माझ्या खांद्यावरून हात फिरवला आणि बंधूंना म्हणाला, "आवं आण्णा, खांदा लय ब्येस धरलाय. देणार का?"

"न्हाई गड्या," बंधू म्हणाले, "घरचा हाय."

वाईट एवढंच, की मला हे सगळं आवडायला लागलं. सुरुवातीला पडल्या पडल्या मनातल्या मनात संवाद घोकत होतो. मग तेही थांबलं. शेजारचा बैल डोळे अर्धे मिटून रवंथ करायचा आणि त्याच्याकडं बघता बघता मलाही डुलकी लागायची. नाटक मला जिवापाड प्रिय. पण इतक्या वर्षांत मी त्याला कधी दम खाऊ दिला नव्हता, आणि स्वतःलाही नाही.

यात्रेच्या दिवशी उठलो, खाकरलो आणि बंधूंना हाक मारली. पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. आवाज आला! राज्य वाचलं! तेवढ्यात सलूनवाले समाचाराला आले. त्यांनी माझा आवाज ऐकला, डोळे भरले, काही बोलायला तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. दिवसा सलून आणि संध्याकाळी माझं राज्य, दोन्ही सांभाळता सांभाळता बिचाऱ्यांचा घसा बसला होता.

संध्याकाळी पडदा वर गेला. शेजारी राणीसाहेब, म्हणजे सांगलीहून खास बोलावलेल्या अनुभवी नटी. मेकअपच्या आधी मस्त घोरून उठलेल्या. मी सिंहासनावरून उठलो, हात फेकला आणि गरजलो, "प्रधानजी!"

मंडप हादरला. टाळ्या पडल्या. आणि पुढचं काही आठवेना. एक अक्षर नाही. डोक्यात सगळीकडं हिरवागार शांत चारा.

विंगेत पाहिलं. प्रॉम्प्टरच्या ओठांवर माझा शब्द न् शब्द हलत होता, पण आवाज शून्य. ते हातवारे करू लागले. मला वाटलं, तलवार काढायला सांगतायत. मी तलवार काढली. त्यांनी कपाळावर हात मारला. मी पुन्हा गरजलो, "प्रधानजी!" प्रधानजी म्हणाले, "आज्ञा." मी आणखी जोरात, "प्रधानजी!" प्रधानजी हळूच दोन पावलं मागं सरकले. पहिल्या रांगेत बंधूंनी फेटा डोळ्यांवर ओढून घेतला.

शेवटी राणीसाहेबांनी माझा शेला धरून मला खाली ओढलं आणि भर माइकवर म्हणाल्या, "आवं राजेसाहेब, न्हाई आठवत तर बसा की घटकाभर निवांत! तवर मी बघते राज्याचं!"