हणमंतअण्णांची चिमूट

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हणमंतअण्णा खटावकरांच्या दुकानात साडी घ्यायला गेलेली बाई समुद्र बघितल्याशिवाय बाहेर पडत नसे. साडी घेतली तर घेतली, समुद्र मात्र घ्यावाच लागे. अण्णा गादीवर मांडी ठोकून काठ उलगडायचे आणि मिशीवरून बोट फिरवत सुरू करायचे, "हा काठ बघा अक्का. असाच पट्टा त्या माशाच्या पाठीवर. नेत्राणीला, पाण्याखाली. मी त्याच्याकडं बघतोय, तो माझ्याकडं बघतोय."

मुरुडेश्वरहून होडीनं बरंच आत गेलं की नेत्राणी नावाचं लहानसं बेट लागतं. तिथं माणसं जॅकेट घालून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथी पडतात आणि खालचे मासे बघतात. ह्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. हा शब्द दुर्गदबैलात अण्णांनीच आणला आणि आणताना त्यावर चांगला नफाही धरला. त्यांचे मासे खणाच्या नक्षीचे, इरकली काठाचे. त्यांचं कासव हातगाडीच्या चाकाएवढं. शार्क पहिल्या वर्षी लांबून गेला होता, दुसऱ्या वर्षी जवळून. पुढं एका लग्नसराईत गिऱ्हाईक भावावर अडून बसलं, तेव्हा शार्कनं अण्णांच्या पोटरीला शेपूटही घासलं. दुकानात एक भडक निळा लॉट पडून पडून घड्यांवर पिवळा पडला होता. अण्णांनी त्याचं नाव 'नेत्राणी निळा' ठेवलं, आणि बायकांनी तो डोहाळजेवणाला म्हणून नेला.

पुरावा म्हणून फोनमध्ये व्हिडिओ होता. निळ्या पाण्यात मास्क लावलेला एक माणूस हात हलवतोय. मास्क लावला की सगळी माणसं एकसारखी. फरक एवढाच, की व्हिडिओतल्या माणसाला मिशी नव्हती आणि पोटही नव्हतं. पण दुर्गदबैलात लोक साडीवरचा डाग बघतात, साडीवाल्याची मिशी कोण मोजतो!

खरी हकिकत एकट्या सुलभाबाईंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला ठाऊक. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी धक्क्यावर अण्णांनी घरून नेलेलं डबाभर गिरमिट, म्हणजे कांदा-टोमॅटोतले ओले चुरमुरे, खाल्लं. होडी जरा हलल्यावर ते आडवे झाले, आणि बेट येऊन गेलं तरी उठले नाहीत. फक्त मधूनमधून कडेवरून डोकं बाहेर काढत. अण्णांनी मासे पाहिले नाहीत, अण्णांचं गिरमिट मात्र माशांनी अगदी जवळून पाहिलं. व्हिडिओ होता त्याच होडीतल्या बेंगळुरूच्या एका पोराचा.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण अण्णांच्या दुकानासमोर अंबूताईंचं मॅचिंग सेंटर होतं. तिथं अस्तर, फॉल, ब्लाउजपीस आणि साऱ्या बाजाराच्या बातम्या मिळत. बातम्यांना पैसे पडत नसत. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर एका दुपारी अंबूताई अण्णांच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"अण्णा, ठरलं. बाजारातली सगळी घरं नेत्राणीला जायची. पुढं तुम्ही, मागं आम्ही."

"मी? छे हो, मी बघितलंय सगळं. माझी सीट दुसऱ्याला द्या."

"तेच तर! बघितलेला माणूस पाहिजे. तो शार्क तुमच्याच ओळखीचा, आम्हाला काय ओळख देणार?"

अण्णांनी गुडघा पुढं केला, मग अमावस्या. शेवटी आयकराचा माणूस यायचाय असंही सांगून पाहिलं. अंबूताईंनी गुडघ्याला पट्टा आणून दिला, अमावस्येनंतरचा दिवस धरला, आणि आयकराच्या माणसालाही होडीत जागा आहे म्हणाल्या.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "अगं, तू जरा आजारी पड की."

"मी कशाला पडू? चार वर्षं तो शार्क माझ्या घरात राहतोय," सुलभाबाईंनी आमटी वाढली. "पाहुणे आले की आधी तो जेवायला बसतो. ह्या वेळेला दोघं जाऊन सोडून येऊ त्याला समुद्रात. आणि अहो, गिरमिट नेऊ नका."

साड्या काय, दुर्गदबैलात पावलोपावली मिळतात. समुद्र एकाच दुकानात होता. तो गेला, तर अण्णा म्हणजे नुसते साडीवाले. शिवाय समोर अंबूताई, जन्मभर. एवढ्यासाठी मरायची तयारी ठेवून अण्णा रिकाम्या पोटी होडीत चढले.

ह्या वेळेला ते आडवे झाले नाहीत. कठडा असा धरून बसले, की उतरताना बोटं सोडवायला मदत लागली. बेटाजवळ होडी थांबली. गाइड होता सुरज, किनाऱ्यावरचाच पोरगा, कानडीतून भराभर सूचना देणारा. त्यानं अण्णांना मास्क चढवला आणि थबकला.

"अण्णा, मिशी आहे तुम्हाला. इथनं पाणी आत येतं. मागच्या वेळेला कसं केलंत?"

"तेव्हा... बारीक होती," अण्णा म्हणाले.

"त्याच वर्षीच्या हळदीकुंकवाच्या फोटोत तर झाडूएवढी आहे," अंबूताई म्हणाल्या. त्या स्वतः काही उतरणार नव्हत्या. त्यांना सर्दी होते. सगळ्यांच्या चपला, पर्स आणि मंगळसूत्रं मांडीवर घेऊन त्या सावलीत बसल्या होत्या आणि नजर होती अण्णांवर.

सुरजनं मिशीला व्हॅसलीन चोपडलं. मग अण्णांनी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं, आणि शिडीवरून असे उतरले की जणू पाणी उधारीवर घेतलंय. मागाहून सुलभाबाई धप्पकन उतरल्या आणि चक्क पोहत पुढं गेल्या. त्यांचं माहेर कृष्णाकाठचं, हे अण्णा चार वर्षं शार्कच्या गडबडीत विसरले होते.

अण्णांनी तोंड पाण्यात घातलं. नळीतून स्वतःचाच श्वास ऐकू आला, पुढं काहीतरी चमकलं, आणि मग अण्णा विसरले. शार्क, अंबूताई, मिशी, सगळंच. खाली खडकावर पिवळे मासे थव्यानं वळत होते, सगळे एकदम, जणू कुणी ताग्याला झटका दिलाय. एक पोपटी मासा खडक कुरतडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज इथवर येत होता. एक कासव आलं. परातीएवढं. त्यानं अण्णांकडं बघितलंसुद्धा नाही, आपलं कामाला निघाल्यासारखं गेलं. चार वर्षं अण्णांनी जे जे सांगितलं होतं, त्यातलं काहीच तिथं नव्हतं. जे होतं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

एवढ्यावर वर आले असते तर अब्रू राहिली असती. पण तेवढ्यात डोळ्यांसमोरून ते तरंगत आलं. पारदर्शक, कडेला फिकट जांभळी झालर, पाण्याबरोबर हलकेच फुगतंय आणि मिटतंय. अण्णांनी आयुष्यात असलं ऑर्गंझा पाहिलं नव्हतं. सुरतेत नाही, बनारसचं म्हणून विकतात त्यातही नाही. आणि कापडवाल्याचा हात तो कापडवाल्याचाच. कापड समोर आलं की अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढं जातात, पोत बघायला. अण्णांनी जेलीफिशची झालर चिमटीत धरली.

त्यानंतर नेत्राणीच्या आजूबाजूला जो आवाज झाला, त्यानं बेटावरची कबुतरं उडाली.

"अय्यय्यो! यप्पा! सत्ते री, सत्ते!" मेलो, मेलो. दुकानात अण्णा शुद्ध मराठीत भाव करत, मरताना मात्र कानडीत मरत होते.

सुरजनं आणि सुलभाबाईंनी मिळून त्यांना होडीत ओढलं. दोन्ही बोटं लालबुंद होऊन टरारली होती.

"अण्णा, इकडं बघा," सुरज गंभीर होऊन म्हणाला. "आधी कधी डसलं होतं का हे? मागच्या वेळेला समुद्रात काही झालं होतं? खरं सांगा. औषध द्यायचंय."

अण्णांनी वर पाहिलं. सगळा दुर्गदबैल ओथंबून वाकला होता. अंबूताईंच्या मांडीवरच्या चपला एकेक खाली घसरत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. एका बाजूला चार वर्षांचा समुद्र, दुसऱ्या बाजूला जीव. अण्णा व्यापारी माणूस. त्यांनी हिशोब फार वेळ केला नाही.

"उतरलोच नव्हतो रे!" अण्णा ओरडले. "आयुष्यात पहिल्यांदा उतरलोय! व्हिडिओ माझा नाही, शार्क माझा नाही, काही माझं नाही! आता औषध दे!"

सुरजनं बाटली उघडली आणि बोटांवर व्हिनेगर ओतलं.

"हे... सगळ्यांना हेच देतात?" अण्णांनी कण्हत विचारलं.

"हो. सगळ्यांना हेच."

परतीच्या वाटेवर अंबूताई तोंड मिटून बसल्या होत्या. असं त्या फक्त माल भरताना बसतात.

आता अण्णांच्या दुकानात साडी मिळते, नुसती साडी. बोटांची सूज उतरली, पण ऑर्गंझा दाखवायची वेळ आली की अण्णा ते मोजपट्टीच्या टोकानं पुढं सारतात. समुद्र समोर मॅचिंग सेंटरला गेला. फॉल लावता लावता अंबूताई सांगत असतात, "मी डोळ्यांनी बघितलं हो. कासव हातगाडीच्या चाकाएवढं! आणि ते जेलीफिश, छत्रीएवढं, पुरुषाला ओढून नेत होतं."

परवा अण्णांना राहवलं नाही. पायरीवर येऊन ते म्हणाले, "परातीएवढं होतं ते, अंबूताई. आणि जेलीफिश जेमतेम रुमालाएवढं. मी बघितलंय, पाण्यात जाऊन."

दुकानातल्या सगळ्या बायकांनी वळून त्यांच्याकडं बघितलं. सुलभाबाईही तिथंच अस्तर घेत उभ्या होत्या.

"तुम्ही राहू द्या, अण्णा," अंबूताई गोड आवाजात म्हणाल्या. "तुमचं काय खरं धरायचं?"

अण्णांनी साक्षीसाठी बायकोकडं बघितलं. सुलभाबाईंनी अस्तर चिमटीत धरलं, उजेडात नेलं आणि म्हणाल्या, "ताई, हातगाडीच्या चाकापेक्षा जरा मोठंच होतं."