पोळ्याची सुटी

पंच्याहत्तर साली टायफॉइडमधून उठलो, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाआड सायकल चालव, मधला दिवस पायांना आराम दे. मी मात्र रोज किन्हीराजा गावाच्या रस्त्याला लागायचो. कारण समोरून पांढऱ्या पातळातली एक नर्सबाई सायकलवर यायची.

चढाला ती कधी जोर करायची नाही. उतरून कॅरिअरवरची औषधांची पिशवी चाचपायची आणि सायकल हातात धरून माथ्यावरच्या कडुनिंबापर्यंत चालत यायची. तिथे चपला काढून पायांची बोटं मोकळी करत बसायची. मी पलीकडचा चढ चढून धापा टाकत बाजूने निघून जायचो. नाव विचारायची हिंमत कधी झाली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनेच हाक मारली. पलीकडे एक गडी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होता.

“रोज कायले जीव काढता भाऊ? उद्या बैलालेबी सुटी हाय. तुमीबी आराम करा.”

म्हणजे ती मला रोज बघत होती! त्या आनंदात दुसऱ्या दिवशी मी पुरणपोळी खाऊन ताणून दिली.

पुन्हा ती दिसली नाही. कडुनिंबासमोरचा हॉटेलवाला म्हणाला, “बाईचा बदलीचा हुकूम तुमच्यासंग बोलली त्याच संध्याकाळी आला. पोळ्याच्या सकाळी एसटीच्या टपावर सायकल टाकून गेली. पहिली गाडी तं सोडूनच देली तिनं. रस्त्याकडे पाहून राह्यली होती.”

आता गुडघे कुरकुरतात, म्हणून मी दिवसाआडच सायकल चालवतो. पोळ्याच्या सकाळी मात्र गावातले सगळे बैल आराम करतात आणि मी सायकल काढतो.