पारध्याची पोट्टी पळून राहिली

"ए पोट्टे, ऊठ! बुडाखाली काय लपवलं?"

अकोल्याहून पातूरले जाणाऱ्या रस्त्याच्या कडेले मी गवतात बसून होती. समोर मोटारसायकल. तिच्यावर तिथल्या संत्र्याच्या बगीच्याचा मालक, मांगं त्याचा गडी. उठली. खाली काय असीन? माती.

आमी पारधी. आमच्या बेड्यावर, पारध्याच्या वस्तीत, माय पोरीले लहानपणीच सांगते, रस्त्यानं पळू नको. पारधी पळला का लोक चोरच समजतात. अन् पळताना गाडी आलीच, तर परसाकडे बसल्यावाणी बसून घे. बाईमाणूस बसलं का लोक तोंड फिरवतात.

यानं नाही फिरवलं. त्याले वाटलं, माल लपवला.

कॉलेजातल्या खेळाच्या म्याडमनं मले लांब पल्ल्याच्या शर्यतीत घेतलं होतं. पहिले बेड्याभोवती एक चक्कर मारली तरी धाप लागे. मंग नाल्यापर्यंत जाऊ लागली. मंग फाट्यापर्यंत. दम वाढला तसं भेवही वाढलं. नाल्यापर्यंत लोक मले नावानं ओळखत. फाट्यापुढं मी नुसती पारधीण.

मालकानं मले चहाच्या टपरीसमोर उभं केलं. "वावरातली केबल चोरीले गेली माही. बूट काढ."

काढले. मोजेही काढले. गड्यानं झटकून पाह्यले. काईच नाही निंघालं. लोक जमले.

"शर्यतीसाठी पळून राहिली होती," मी म्हटलं.

सारे हासले. "पारधीण अन् शर्यत! बरं, त्या बाभळीपर्यंत पळून दाखव. मंग सोडतो."

गड्यानं व्हिडिओ घ्याले मोबाईल काढला. पळली असती तर सुटली असती. एक पाय उचललाही होता. पण सारे तमाशा पाहाले उभे राहिल्यावाणी उभे होते, अन् मले आतून अशी आग लागली बाप्पा!

"नाही पळत."

"काहून वं?"

"तुमच्या सांगण्यावरून नाही पळत."

त्यानं हात उगारला. मी डोये मिटले. "जाने दो भाऊ, सुबह सुबह," टपरीवाला चाचा म्हणला. दया नव्हती ती, धंदा खोटी होत होता त्याचा. मालकानं माहे बूट काट्यात फेकले अन् गेला.

घरी सांगतलं तर माय रडली. "सोड ते पळणं. पोलीस बेड्यावर आले तर तुया बापाले नेतीन." ती खोटं नव्हती बोलत. त्या रात्री मले झोप नाही लागली. बाहेर जरा खुट्ट झालं का वाटे, आले.

सकायी उठली. ओकली. मंग काट्यातून आणलेले बूट घातले.

भेव अजून हाये. रोज असते. त्याच्याच बगीच्यासमोरून पळून राहिली मी, त्याच्याहून पुढं जाऊन राहिली. पातूरपर्यंत जाईन. अडवलं तर उभी राहीन, नाव सांगीन, जात सांगीन. अन् तो बाजूले झाला का पुन्हा पळीन.